चुगली आणि साक्ष

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाले आणि लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. २१ ऑगस्टला शासनाने शाळांसाठी आदेश काढला: कॅमेरे लावा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समित्या कामाला लावा, गैरप्रकार कळताच २४ तासांच्या आत वर कळवा. त्यानंतर शिक्षकांच्या एका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "सर, आता पेटी आली. आपली पोरे बोलायला लागतील ना?"

मी लगेच 'हो' म्हणू शकलो नाही. पेटीला माझा विरोध नाही. पण मुलांकडून गुन्ह्याची खबर घेणे ही गोष्ट वाटते तितकी नवीन नाही आणि तितकी निरागसही नाही. तिला इतिहास आहे. त्या इतिहासात आम्ही कधी खबर देणारे होतो आणि कधी ज्यांच्याविरुद्ध खबर दिली जाते ते होतो. ज्याची खबर ऐकली जाते, तो मात्र आम्ही क्वचितच होतो. हा इतिहास मांडण्यापूर्वी मला स्वतःचा एक हिशेब द्यावा लागेल.

१

१९७४ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवीत होतो. बौद्ध वस्तीतला मी आणि पारध्यांच्या पालावरचा एक मुलगा असे आम्ही दोघे शेवटच्या बाकावर बसत होतो. म्हणजे बसवले गेलो होतो. गणितात तो माझ्याहून हुशार होता. मला व्यवहारी अपूर्णांक कळले ते त्याच्यामुळे.

एके दिवशी वर्गातल्या एका मुलाचे फीचे पैसे हरवले. गुरुजींनी सगळ्यांची दप्तरे तपासली. आमची दोघांची दोनदा. पैसे निघाले नाहीत. तेव्हा त्यांनी वहीची पाने फाडली आणि प्रत्येकाच्या हाती एकेक चिठ्ठी दिली. आपले नाव घालायचे नाही, ज्याच्यावर संशय असेल त्याचे घालायचे. कोणी काय लिहिले ते कोणाला कळणार नाही, असा शब्दही दिला. चिठ्ठ्या टोपीत गोळा झाल्या. पन्नासेक मुलांचा वर्ग. चार-सहा चिठ्ठ्या सोडल्या तर सगळ्यांवर एकच नाव निघाले. माझ्या शेजाऱ्याचे.

त्यातली एक चिठ्ठी माझी होती.

त्याने पैसे घेतले नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते. तो सकाळपासून माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. पण मला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. त्याचे नाव निघाले नाही तर पुढचे नाव माझे निघणार. कोरी चिठ्ठी टाकण्याचे धाडस मला झाले नाही. गुरुजींनी त्याला वर्गासमोर मारले आणि मुख्याध्यापकांनी पोलीस चौकीत पाठवले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवडाभरात पालही उठले. पुढे ते पैसे त्या फीवाल्या मुलाच्याच घरी, धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात सापडले. ही बातमी वर्गात कोणी सांगितली नाही. मला ती गावातून कळली.

त्या मुलाचे नाव मी या लेखात लिहीत नाही. एकदा लिहिले, तेवढे पुरे झाले.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते मी पुढे कॉलेजात वाचले. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतो, म्हणून कोणीच वरच्याविरुद्ध उभा राहत नाही, हे वाक्य समजायला मला कोणाच्या व्याख्यानाची गरज पडली नाही. माझ्या चिठ्ठीत ते आधीच लिहिलेले होते. निनावी चिठ्ठीने सत्य वर येते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. समाजाच्या मनात जे नाव आधीच तयार असते, तेच निनावी चिठ्ठीतून बाहेर पडते.

२

खबर देणे हे आमच्या पूर्वजांचे वतनी काम होते. वेसकर महाराने वेशीवर बसायचे, गावात कोण आला-गेला ते पाटलाच्या कानावर घालायचे, चोरी झाली तर चोराचा माग काढायचा, मेल्याची वार्ता परगावी पोहोचवायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचे. बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार फिरून गोळा करायचे बलुते. चोर सापडला नाही तर पहिला संशय त्याच्यावरच. १८७४ च्या वतन कायद्याने ब्रिटिशांनी ही व्यवस्था कागदावर पक्की केली. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. तीस वर्षे गेली.

या वतनाकडे आपण शोषणाचा एक प्रकार म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण त्यात माहितीचा प्रवाह कोणत्या दिशेने होता, तेही पाहिले पाहिजे. पाटलाच्या खळ्यावरचे धान्य गेले, ही खबर वेसकराने द्यायची. पाटलाच्या वाड्यात त्याच्या स्वतःच्या बायकोवर हात टाकला गेला, ही खबर त्याने कोठे द्यायची? त्यासाठी चावडी नव्हती. चावडीवर तोच पाटील बसलेला होता.

भटक्या-विमुक्तांची कहाणी याची दुसरी बाजू आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच संशयित ठरवले. १९११ च्या कायद्याने तो फास मुंबई इलाख्यालाही बसला. रोजची हजेरी आली, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी आली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत आमच्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आजही 'सेटलमेंट' याच नावाने आहे. त्याच कायद्यात सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत टाकण्याची तरतूद होती. म्हणजे शाळा आणि पोलीस यांची जोडी आपल्याकडे आजची नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलिसाची नजर तीच राहिली. १९७४ साली आमच्या वर्गातल्या मुलांनी जे नाव लिहिले, ते १८७१ सालीच लिहून ठेवलेले होते.

३

आता अमेरिकेकडे वळतो. शाळकरी मुलांकडून गुन्ह्याची खबर घेण्याची रीतसर योजना तिथे उभी राहिली आणि तिचा बराच मोठा अनुभव तिथे जमा आहे. शिवाय अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या लढ्याकडे पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' त्या देशात गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी जनांना अर्पण केली होती.

जुलै १९७६ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा दरोड्यात खून झाला. आठवडे गेले, कोणी बोलेना. ग्रेग मॅकअलीस नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने टेलिव्हिजनवर त्या घटनेचे नाट्यरूप दाखवले आणि आवाहन केले: फोन करा, नाव सांगू नका, खबर खरी ठरली तर रोख बक्षीस मिळेल. फोन आला आणि दोघे पकडले गेले. 'क्राइम स्टॉपर्स' या योजनेचा हा जन्म. माणसे बोलत नाहीत याची दोन कारणे तिने धरली, भीती आणि बेफिकिरी. भीतीवर उतारा निनावीपणाचा, बेफिकिरीवर पैशाचा.

१९८३ साली कोलोराडो राज्यातल्या बोल्डर गावी ही योजना शाळेत आली. नाव न घेता फोन, एक आकडा, खबर खरी निघाली की त्या आकड्यावर पैसे. तिथून ती अनेक राज्यांतल्या हायस्कुलांत पसरली. २००५ साली जॉर्जिया राज्यातल्या एका हायस्कुलाने तर दरपत्रकच जाहीर केले. शाळेतल्या चोरीची खबर दिली तर १० डॉलर, अमली पदार्थांची दिली तर २५ किंवा ५०, बंदुकीची किंवा तशाच गंभीर गुन्ह्याची दिली तर १००. पैसा कोठून? शाळेत मुलांना विकलेल्या गोळ्या-चॉकलेटांच्या आणि सोड्याच्या नफ्यातून.

हे दरपत्रक वाचताना मला बलुते आठवले. वेसकराच्या झोळीत भाकरी पडे, इथे मुलाच्या हातात डॉलर पडतो. फरक आहे, मी नाकारत नाही. वेसकराला नकार देता येत नव्हता, या मुलाला देता येतो. पण शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणजे १० डॉलरची शक्यता, असे एकदा मुलाच्या मनात बसले की वर्ग वर्ग राहत नाही.

आणि ही खबर जाते कोणाकडे? त्याच शाळेकडे आणि त्याच पोलिसांकडे. त्यांची नजर कशी आहे, हे अमेरिकन सरकारच्या शिक्षण खात्याचेच आकडे सांगतात. २०१५-१६ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांत काळी मुले १५ टक्के होती. शाळेने पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा शाळेतून अटक झालेल्या मुलांत मात्र ती ३१ टक्के होती. हे सारे निनावी खबरीमुळे झाले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. मी एवढेच म्हणतो की ज्या विहिरीचे पाणी आधीच गढूळ आहे, तिच्यात नवी बादली सोडली तर वर गढूळ पाणीच येणार.

४

पण इतिहास इथेच थांबत नाही. थांबला असता तर हा लेख निषेधाच्या एका ठरावात आटोपला असता.

२० एप्रिल १९९९ रोजी त्याच कोलोराडोमध्ये कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक यांचे प्राण घेतले. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या दोन खात्यांनी १९७४ ते २००० या काळातले शाळांवरचे ३७ हल्ले अभ्यासले आणि २००२ साली अहवाल दिला. पाचापैकी चार प्रकरणांत हल्ल्यापूर्वी निदान एका माणसाला तरी त्याचा सुगावा होता, आणि असा माणूस बहुधा हल्लेखोराचा मित्र, वर्गसोबती किंवा भावंड होता. म्हणजे मुलांना माहीत होते. ती बोलली नाहीत.

का बोलली नाहीत? २००८ साली याच खात्यांनी अशा माहीतगारांशी बोलून पुढचा अभ्यास केला. निष्कर्ष साधा होता. ज्या शाळेत मुलाला आपले कोणी आहे असे वाटत होते, तिथे मूल बोलले. ज्या शाळेत 'आपले कोणी ऐकणार नाही, उलट आपणच अडकू' असे वाटत होते, तिथे गप्प राहिले. भाव विश्वासाचा होता, डॉलरचा नव्हता.

कोलोराडोत २००४ साली 'सेफ टू टेल' नावाची व्यवस्था सुरू झाली. पुढे २००७ साली तिथल्या कायद्याने खबर देणाऱ्याच्या गुप्ततेला संरक्षण दिले. इथे रोख बक्षिसाचा सौदा नाही. तिथे जे घडले ते प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावे असे आहे. व्यवस्था उभारली ती गोळीबाराच्या भीतीने. पण मुले सांगू लागली ते वेगळेच. वर्षानुवर्षे सर्वांत जास्त खबरा आल्या त्या आत्महत्येच्या: माझी मैत्रीण मरण्याच्या गोष्टी बोलते आहे, कोणीतरी तिच्या घरी जा. छळाच्या खबराही मोठ्या संख्येने येतात.

म्हणजे पैशाची लालूच काढली आणि खात्रीने ऐकणारा कान दिला, तर मूल मित्राला पकडून देण्यासाठी नव्हे, वाचवण्यासाठी बोलते. चुगली आणि साक्ष यांतला फरक मी इथे शोधतो. चुगलीत बोलणाऱ्याला काही मिळते किंवा त्याच्यावरचे संकट टळते, आणि ती बहुधा खालच्याविरुद्ध जाते. साक्ष देणारा मात्र स्वतः पाहिलेले सांगतो, दुसऱ्यासाठी सांगतो, आणि वेळ आली तर वरच्याविरुद्धही सांगतो. माझी १९७४ ची चिठ्ठी चुगली होती. मी कोणाकडून पैसे घेतले नव्हते. मी सुरक्षितता घेतली होती.

५

आपल्या चळवळीने साक्षीची ही परंपरा स्वतः घडवली आहे. १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, तेव्हा त्यांचे पहिले काम काय होते? पोलिसांच्या गाड्यांच्या मागे फिरायचे, काळ्या माणसाला अडवले की कायदेशीर अंतरावर उभे राहून पाहायचे आणि त्याला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे. पोलिसाने वस्तीवर नजर ठेवायची, ही रीत त्यांनी उलटी केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही बावडा आणि ब्राह्मणगाव येथल्या अत्याचारांच्या पार्श्वभूमीवर. अत्याचाराची बातमी आली की तरुण त्या गावी जात, माणसांना बोलते करत आणि ते छापत. वेसकराच्या पोरांनी खबरीची दिशा बदलली. आता खबर पाटलाकडे जात नव्हती, पाटलाविरुद्ध जात होती.

पण दिशा बदलून भागत नाही, कानही बदलावा लागतो. हैदराबाद विद्यापीठात २०१५ साली एका विद्यार्थ्याने तक्रार केली. तिची चक्रे फिरत फिरत पाच दलित विद्यार्थी वसतिगृहाबाहेर काढले गेले आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांतला रोहित वेमुला आपल्यातून गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण छळाची तक्रार आधीच केली होती, कोणी लक्ष दिले नाही, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे आहे. एका तक्रारीला पाय फुटले, दुसरी जागची हलली नाही. पेटी दोघांनाही उघडी होती.

आपले कायदे हे ओळखतात. २०१२ च्या पोक्सो कायद्यात लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न देणाऱ्याला शिक्षा आहे. मात्र तो दंड मुलाला लागू नाही, असे कलम २१ स्पष्ट सांगते. भार मोठ्यांवर टाकलेला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ आणखी पुढे जाते. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती फिर्यादीला वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे, आणि कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, या जाती-जमातींतला नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद सांगितली आहे. म्हणजे बोलणाऱ्याच्या धैर्याइतकेच ऐकणाऱ्याचे उत्तरदायित्व महत्त्वाचे, हे तत्त्व कायद्यात आहे. बदलापुरात काय झाले? लहानग्या मुली बोलल्या, आईबाप बोलले. मोठ्यांनी वेळ काढला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि या दिरंगाईबद्दल शाळा व पोलीस या दोघांनाही फटकारले. तिथे पेटी कमी पडली नव्हती, कान कमी पडला होता.

६

निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे माझ्या शाळेत तक्रारपेटीचे काम मी मागून घेतले. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगलेली होती. चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसे. तीन महिने ती रिकामी निघाली आणि 'आमच्या शाळेत तक्रार नाही' असा अहवाल वर गेला. मी ती पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर हलवली. किल्ल्या दोन केल्या, एक शाळेकडे, एक पालकांपैकी वस्तीतल्या एका बाईकडे. दोघांनी मिळूनच उघडायची.

मग चिठ्ठ्या आल्या. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. खिचडीच्या पंगतीत अमुक मुलांना शेवटी बसवतात. आणि एक चिठ्ठी: माझ्या मैत्रिणीचे लग्न ठरले आहे, ती विहिरीत उडी मारीन म्हणते. आम्ही त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. लग्न थांबले. ती मुलगी पुढे दहावी झाली.

आणखी एक चिठ्ठी आली. पालावरच्या एका मुलाचे नाव, आणि पुढे 'सायकलची घंटी यानेच चोरली.' ती हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. पन्नास वर्षांपूर्वीची टोपी फिरून माझ्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी कोणाचेही नाव न घेता एवढेच सांगितले: या पेटीत संशय टाकायचा नाही, डोळ्यांनी पाहिलेले टाकायचे. काय, कधी, कोठे. घंटीबद्दल पुन्हा चिठ्ठी आली नाही. तो मुलगा शाळेत येत राहिला.

म्हणून त्या तरुण कार्यकर्त्याला माझे उत्तर असे आहे. पेटी लावू द्या, पण तिच्यावर पहारा आपला ठेवा. खबरीला बक्षीस ठेवू देऊ नका. संशयाची चिठ्ठी पुरावा मानू देऊ नका. ज्याचे नाव येईल त्या मुलाचे म्हणणे, त्याच्या आईबापांसमोर, शिक्षेआधी ऐकले गेले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पालावरचा, वस्तीतला, तांड्यावरचा पालक आहे का ते पाहा आणि एक किल्ली त्याच्याकडे द्या. आणि खबर दडपणाऱ्या मोठ्यांवर कारवाई झाली का, हे दर सहा महिन्यांनी विचारा. हे झाले नाही तर ती पेटी म्हणजे गुरुजींची टोपीच आहे.

त्या मित्राचा मी पुष्कळ शोध घेतला. पाल कोठे गेले, ते कोणी सांगू शकले नाही. तो भेटला असता तर मी त्याच्यासमोर काय बोललो असतो, ते मला सुचत नाही. वर्गात मात्र मी दरवर्षी ही हकीकत सांगत आलो, माझ्या चिठ्ठीसकट. पहिल्यांदा सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही कोरी चिठ्ठी का नाही टाकली?"

हा प्रश्न मुलांना शाळेत विचारता येतो, तिथेच साक्ष सुरू होते.